आजोबांच्या फोर्डची चॅसिस कापायची का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारे वाचक चाळिशीतले, कोल्हापूरचे. शिवाजी उद्यमनगरात घरचं मशीन शॉप आहे. आजोबांची १९४७ ची फोर्ड व्ही-एट बरीच वर्षं घरामागच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीपासून दोघा भावांनी ती चालू केली. सेल्फ मारला की इंजिन लागतं, पण रस्त्यावर गाडी सरळ चालत नाही. साठच्या पुढे गेली की स्टेअरिंग हातात थरथरतं, खड्ड्यातून गेली की आपोआप एका बाजूला जाते, ब्रेक मारला की ओढते. पन्हाळ्याहून उतरताना वळणावर समोरून एसटी आली, तेव्हा ‘देव आठवला’ असं ते लिहितात. ओळखीच्या मिस्त्रींनी उपाय सांगितला आहे: पुढचा एक्सल आणि आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) काढायचा, चॅसिसचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, पुढचा भाग कापायचा आणि भंगारात निघालेल्या एका एमयूव्हीचा टॉर्शन बारवाला (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) इंडिपेंडंट सस्पेन्शनचा, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र हलू देणारा सेट, डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंगसकट, तिथे वेल्ड करायचा. सेट आणूनही ठेवला आहे. धाकटा भाऊ तयार आहे. लग्नसराईत गाडी भाड्याने देऊन खर्च काढू, असं त्याचं म्हणणं. वडील, म्हणजे आबा, मात्र ‘माझ्या डोळ्यांदेखत गाडीला गॅस कटर लावायचा नाही’ म्हणून अडून बसलेत. त्यावरून घरात अबोला आहे. प्रश्न असा: ‘आबांची भावना कळते, पण भावनेवर गाडी थांबत नाही. सुरक्षेसाठी एवढा बदल करायला काय हरकत आहे?’

नमस्कार,

पत्र आणि सोबतचे फोटो, दोन्ही नीट पाहिले. पहिली गोष्ट: पन्हाळ्याच्या उतारावर तुम्हाला जे वाटलं ते अगदी रास्त होतं. आज आहे त्या अवस्थेत ही गाडी घाटात नेऊ नका, हायवेलाही लावू नका. पुढची तपासणी होईपर्यंत ती शेडबाहेरच न काढलेली बरी. गाडी धोक्याची झाली आहे, यात आपलं एकमत आहे.

ती कशामुळे धोक्याची झाली, इथे मात्र मी तुम्हाला अडवणार आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जुनी रचना म्हणून गाडी भटकते, नवी रचना बसवली की भटकणार नाही. मला फोटोंत जे दिसतंय त्यावरून तुमच्या गाडीचा त्रास रचनेचा कमी आणि झिजेचा जास्त आहे. झीज दुरुस्त होते. कापलेली चॅसिस पूर्ववत होत नाही. त्यामुळे आबांची बाजू तुम्ही नुसती भावनेच्या खात्यात टाकलीत, ते मला पटलेलं नाही. त्यांच्या म्हणण्यात भावना आहेच, पण तांत्रिकदृष्ट्याही त्यांचा मुद्दा वजनदार आहे. त्यांना तो तुमच्या भाषेत मांडता आला नसेल, एवढंच.

आधी नव्या रचनेचं जे खरं आहे ते मान्य करू. फोर्डने १९०८ च्या मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत पुढे एकच पद्धत ठेवली: एक सलग पोलादी एक्सल आणि त्याच्या जोडीला आडवा पाटा. जनरल मोटर्सच्या गाड्यांना १९३४ पासूनच पुढची चाकं स्वतंत्र हलणारी मिळू लागली होती. हेन्री फोर्ड मात्र आपल्या आडव्या पाट्याला धरून राहिले. १९४७ मध्ये ते गेले आणि १९४९ च्या मॉडेलला फोर्डनेही प्रत्येक चाकाला वेगळे विशबोन (व्ही आकाराचे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग घेतले. म्हणजे तुमची गाडी जुन्या पद्धतीच्या अगदी शेवटच्या पिढीतली. सलग एक्सलमध्ये डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही तिरकं होतं, आणि फिरतं चाक असं तिरकं झालं की स्टेअरिंगला झटका बसतो. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये हा त्रास जवळजवळ राहत नाही. शिवाय स्प्रिंगखाली लटकणारं वजन कमी होतं, म्हणून चाक रस्त्याला धरून राहतं. मिस्त्रींनी तुम्हाला हे सांगितलं असेल तर बरोबरच सांगितलं. अमेरिकेत तर या पिढीच्या फोर्डना १९७० च्या दशकातल्या मस्टँग टू या गाडीच्या धर्तीचं पुढचं सस्पेन्शन बसवणं हा नेहमीचा उद्योग आहे, त्याचे तयार क्रॉसमेंबर (चॅसिसचे आडवे बीम) विकत मिळतात.

पण हेही लक्षात घ्या की तुमची गाडी नवी होती तेव्हा ती अशी भटकत नव्हती. कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर, पूर्ण कुटुंब बसवून, याच एक्सलवर आणि याच पाट्यावर लोकांनी तिला हजारो मैल चालवलं आहे. दीड टनाची, शंभर हॉर्सपॉवरची ही मोटार नीट अवस्थेत ताशी ऐंशी किलोमीटरला निवांत जाते. तुमची साठला थरथरते, तर मधल्या काळात तिचं काहीतरी बिघडलं आहे. काय बिघडलं ते न शोधता पुढचा अख्खा भागच बदलला, तर त्यातले काही दोष नव्या सेटखालीही तसेच राहतील.

फोटोतली एक गोष्ट सांगतो. पुढच्या टायरना लांबट सरळ पट्ट्या दिसतायत. ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायर आहेत. माप तेच, ६.०० x १६, म्हणून रिमवर चपखल बसतात आणि आपल्या ऊसपट्ट्यात कुठल्याही दुकानात मिळतात, त्यामुळे कुणीतरी कधीतरी घातले असणार. ते टायर शेतात आणि रस्त्यावर सावकाश चालण्यासाठी केलेले असतात. मोटारीच्या वेगाला त्या पट्ट्या डांबरातल्या प्रत्येक रेघेमागे जातात. मागे मात्र तुमच्याकडे वेगळ्या जातीचे टायर आहेत. पुढे एक आणि मागे दुसरं, अशा अवस्थेत नव्या कोऱ्या गाडीलाही सरळ चालता येणार नाही. तेव्हा पहिला खर्च टायरचा. याच मापात पॅसेंजर किंवा जीपच्या जातीचे, चारही चाकांना एकसारखे, ट्यूबसकट घ्या, आणि रिम वाकडी नाही ना हे बसवण्याआधी फिरवून बघा.

मग गाडी सपाट फरशीवर घ्या आणि पुढचा एक्सल जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही हात घालायचा नाही. चाकाला वर आणि खाली, बारा आणि सहाच्या जागी धरा आणि आत-बाहेर हलवा. टकटक लागली की भावाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. आता टकटक थांबली तर खेळ व्हील बेअरिंगमध्ये आहे. बेअरिंग घट्ट करून किंवा बदलून काम भागतं. ब्रेक दाबूनही खेळ तसाच राहिला तर किंगपिन (ज्या पिनेभोवती चाक वळतं ती) आणि त्याचे बुश गेलेत. इतकी वर्षं ग्रीस न मिळालेल्या गाडीत ते गेलेलेच असतात. ग्रीस निप्पल उघडून बघा, आत वाळून दगड झालेलं जुनं ग्रीस सापडलं तर उत्तर तिथेच मिळालं.

चाकं जमिनीवर सरळ ठेवून पुढची पाहणी करा. एकाने आत बसून स्टेअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून ड्रॉप आर्मवर, म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या आर्मवर, नजर ठेवायची. स्टेअरिंग फिरतंय आणि ड्रॉप आर्म जागेवरच, तेवढा खेळ स्टेअरिंग बॉक्समधला. ड्रॉप आर्म हलतोय पण चाक हलत नाही, तेवढा ड्रॅग लिंक आणि टायरॉड या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या बॉलमधला. बॉक्सचा खेळ काढायला स्क्रू आवळण्याचा मोह होईल. हे बॉक्स मधल्या भागात जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्ये खेळ जाईपर्यंत आवळलं आणि पूर्ण वळणावर स्टेअरिंग अडकायला लागलं, तर आतला वर्म आणि रोलर बदलायलाच हवा. घाटाच्या वळणावर अडकणारं स्टेअरिंग सैल स्टेअरिंगपेक्षा वाईट.

तिसरी जागा बहुतेक लोक बघतच नाहीत. तुमच्या एक्सलला मागून धरणारा व्ही आकाराचा रॉड आहे, त्याचं टोक गिअरबॉक्सच्या जवळ एका बॉलवर टेकतं. ब्रेक मारला की अख्ख्या एक्सलचा जोर त्या एका बॉलवर येतो. तो बॉल किंवा त्याची कप झिजली तर ब्रेक मारताच एक्सल मागे-पुढे होतो, कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) बदलतो आणि गाडी स्वतःच दिशा ठरवते. ‘ब्रेक मारला की ओढते’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला ब्रेकपेक्षा इथलं वाटतं. शिवाय आडवा पाटा दोन्ही टोकांना शॅकलवर (हलत्या कडीवर) लटकलेला असतो. शॅकलचे बुश खिळखिळे झाले की बॉडी एक्सलच्या डोक्यावर डावी-उजवीकडे सरकते. तुमची ड्रॅग लिंकही आडवी जाते, त्यामुळे बॉडी सरकली की स्टेअरिंग कुणी न फिरवता चाकं वळतात. खड्ड्यानंतर गाडी ‘आपोआप’ एका बाजूला जाते, ती अशी. बॉडी आणि एक्सल यांना आडवं जोडणारा ट्रॅक बार तुमच्या गाडीत आहे का पाहा. असेल तर त्याची रबरं बदला. नसेल तर बोल्टने बसणारा बार करून घेता येतो, त्यासाठी चॅसिसला भोक पाडावं लागत नाही, क्लॅम्पवर काम होतं.

आणि हे सगळं करण्याआधी चॅसिस सरळ आहे का ते बघायचं. यासाठी कुठल्याही महाग यंत्राची गरज नाही. ओळंबा आणि खडू पुरे. चॅसिसवरच्या डाव्या-उजव्या सारख्या जागांवरून, म्हणजे बॉडी माउंटच्या भोकांवरून, पाट्याच्या माउंटिंगवरून, ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूने खूण करा. सगळ्या खुणा झाल्या की गाडी ढकलून बाजूला घ्या. फरशीवर तुमच्या चॅसिसचा नकाशा उमटलेला दिसेल. कर्ण मोजा. समोरासमोरचे कर्ण चार-पाच मिलिमीटरच्या आत जुळले तर चॅसिस ठीक आहे. पंधरा-वीसचा फरक आला तर पूर्वी कधीतरी ती ठोकली गेली आहे, आणि मग त्यावर कुठलंही सस्पेन्शन बसवलं तरी गाडी तिरकीच चालणार.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळे पार्ट मिळणार कुठून. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाने विचारला असता तर मी परदेशातून मागवा म्हटलं असतं, आणि या पिढीच्या फोर्डचे किंगपिन सेट अजून नवे बनतात, मागवताही येतात. पण तुम्ही उद्यमनगरात बसून विचारताय! जुने यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्रींच्या गावात, जिथे एकेका गल्लीत लेथ, ग्राइंडर आणि हीट ट्रीटमेंट आहे. ईएन ३५३ पोलादातून पिन टर्न करायची, केस हार्डन करायची, मापावर ग्राइंड करायची. बुश फॉस्फर ब्राँझचे. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने एका रेषेत रीम झाला पाहिजे, इथेच लोक घाई करतात आणि मग स्टेअरिंग जड होतं. तुमच्या शॉपमध्ये यातलं बहुतेक काम आठवड्याभरात होण्यासारखं आहे. खरं सांगायचं तर तुमच्याइतकी योग्य जागा या कामाला महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि म्हणूनच तुम्ही सरळ कापायचा विचार केलात याचं मला वाईट वाटलं.

आता मिस्त्रींचा बेत. मी त्यांना कमी लेखत नाही. त्यांच्या हातात वेल्डिंग असेलच. पण हा बेत वेल्डिंगचा नाही, भूमितीचा आणि भाराचा आहे. आज तुमच्या गाडीच्या पुढच्या भागाचं वजन एका जागी, पुढच्या क्रॉसमेंबरच्या मधोमध, पाट्याच्या माथ्यावर येतं. चॅसिसचे बाजूचे बीम त्या हिशेबाने केले आहेत. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये तोच भार दोन्ही बाजूंच्या बीमवर बाहेरून येतो आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांना पीळ देतो. बीम जिथे उघड्या चॅनेलचा आहे तिथे हा पीळ तो सोसत नाही; आतून प्लेट घालून तो बंद करावा लागतो, आणि ती प्लेट कुठे संपवायची याचाही विचार लागतो, नाहीतर प्लेट संपते तिथून चीर जाते. तुमच्याकडच्या सेटमध्ये टॉर्शन बार आहेत. त्या बारचं मागचं टोक अडकवायला चॅसिसमध्ये आणखी एक भक्कम आडवा मेंबर लागतो, आणि तुमच्या फोर्डमध्ये नेमका त्या भागात एक्स आकाराचा मेंबर आलेला आहे. तो कापला तर चॅसिसचा कणाच गेला. मिस्त्रींना विचारा, बारचं मागचं टोक कुठे धरणार. कागदावर काढून दाखवा म्हणा.

दुसरा प्रश्न विचारा बंप स्टिअरचा, म्हणजे खड्ड्यात चाक आपोआप वळण्याचा. चाक वर-खाली होताना टायरॉडही त्याच्याबरोबर एका कमानीत फिरतो. टायरॉडचा आतला बॉल हा वरच्या आणि खालच्या आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यावा लागतो, लांबीही जुळावी लागते. मूळ एमयूव्हीत कारखान्याने ते जुळवलेलं असतं. तुमच्या गाडीत इंजिनचा संप (तळाचं तेलाचं भांडं) आडवा आला म्हणून रॅक (टायरॉड सरकवणारा स्टेअरिंगचा दांडा) दोन इंच खाली किंवा पुढे सरकवला, की प्रत्येक खड्ड्यात चाकं स्वतः वळणार. म्हणजे आज ज्या भीतीने तुम्ही पत्र लिहिलंत, तीच भीती नव्या पार्टसकट परत येईल. मग चाकांमधलं अंतर, मडगार्डच्या आत चाक पूर्ण वळतं का, रिमची भोकं, मास्टर सिलिंडर. हा शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण पेडलचा जोर ब्रेकच्या तेलाला देणारा तुमचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली आहे, ड्रम ब्रेकसाठी केलेला आहे आणि एकाच सर्किटचा आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम यांना लाइनमध्ये वेगवेगळा दाब राखून ठेवावा लागतो. तो हिशेब न करता नुसते कॅलिपर जोडले तर कधी डिस्क घासत राहते, कधी पेडल खाली जातं.

हे कुणालाच जमत नाही असं मी म्हणत नाही. नीट रेखाटन करून, चॅसिस जिगवर (मापाच्या साच्यावर) पक्की बांधून, आधी टाके मारून, स्प्रिंग न घालता चाक पूर्ण वर-खाली फिरवून प्रत्येक सेंटिमीटरला टो-इन (चाकांचा आतल्या बाजूचा कल) मोजून, मग पूर्ण वेल्ड करणारे लोक आहेत. त्यांच्या गाड्या उत्तम चालतात. पण ते लोक भंगारातला सेट आधी विकत घेऊन मग तो कुठे बसतो ते बघत नाहीत.

आता कायदा, कारण यावर तुमच्या पत्रात एक ओळही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. मूळ स्वरूप म्हणजे चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसणं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांचा नंबर तुम्हाला जपता येईल, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तुमची गाडी आज या व्याख्येत बसते. कटर लागला की बसणार नाही. या पिढीच्या फोर्डचा नंबर चॅसिसच्या बाजूच्या बीमवर, पुढच्या भागातच कोरलेला असतो. मिस्त्री जिथे कापणार, तापवणार, ग्राइंड करणार, त्याच्या अगदी शेजारी. तो नंबर पुसट झाला तर आरटीओपुढे ही गाडी तुमचीच आहे, हे सिद्ध करायची वेळ येईल. विम्याचंही तसंच: न कळवलेला एवढा मोठा बदल सापडला, तर अपघातानंतर कंपनी दावा नाकारू शकते.

धाकट्या भावाला माझा निरोप सांगा. भाड्याचा हिशेब त्यांनी मनातून काढून टाकावा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठीचं इंधन-दुरुस्तीचं येणं-जाणं एवढ्यालाच ती रस्त्यावर आणता येते. साध्या खासगी नोंदणीवरही भाडं घेणं बेकायदाच. म्हणजे खर्च भरून निघण्याचा जो आधार धरून हा बेत उभा राहिला, तो आधारच नाही. आणि गाडीचं मोल बघायचं तर लोक अशा गाडीकडे का वळून बघतात? दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माणसं कठड्यावर चढून बघतात. ती जशी होती तशी समोर येते, म्हणून. तुमच्या फोर्डला बोनेटखाली एमयूव्हीचा सांगाडा दिसला, तर जाणकार माणूस दोन मिनिटांत पुढे निघून जाईल आणि विकायची वेळ आली तर किंमतही तशीच करेल.

सुरक्षेची तुमची काळजी मात्र सोडू नका, ती योग्य जागी वळवा. या गाडीत सीट बेल्ट नाहीत. स्टेअरिंगचा दांडा सरळ छातीसमोर आहे आणि धडकेत तो दुमडत नाही. सहा व्होल्टचे दिवे संध्याकाळी मिणमिणतात. ब्रेकच्या रबरी नळ्या किती वर्षांच्या आहेत, तुम्हालाही माहीत नसेल. पुढचं सस्पेन्शन बदलून यातलं काहीही सुधारत नाही. ब्रेकपासून सुरुवात करा: चारही व्हील सिलिंडर उघडा, आत गंज असेल तर स्लीव्ह घाला, नळ्या आणि पाइप नवे, लाइनर ड्रमच्या गोलाईला लावून घ्या, जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा. हे नीट केलेले ड्रम ब्रेक या गाडीच्या वेगाला पुरतात. सीट बेल्ट मूळ भोकांचा आणि मागून जाड प्लेटचा आधार घेऊन बसवता येतात. दिव्यांच्या वायरी आणि अर्थिंग नवं केलं तर त्याच सहा व्होल्टमध्ये उजेडात फरक पडतो. शॉक ॲब्सॉर्बर लिव्हरचे आहेत. ते बहुतेक कोरडे पडले असणार, उघडून सील बदलून तेल भरून घ्या. आणि घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. पहिल्याला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नाही, उतारावर तो ऐन वेळी पडणार नाही, म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा.

हे सगळं केल्यावर गाडी आजच्या मोटारीसारखी चालेल का? नाही चालणार. स्टेअरिंग जड राहील, वळणावर कलेल, खड्डा अंगात येईल. पण सरळ जाईल आणि जिथे थांबवाल तिथे थांबेल. तुम्हाला रोज गोकुळ शिरगावला जायला, एसी लावून पुण्याला जायला गाडी हवी असेल तर ती वेगळी घ्या; त्या कामाला या गाडीला जुंपू नका. नव्या-जुन्याचा मेळ घालायची हौसच असेल, आणि ती हौस मी चुकीची मानत नाही, तर ज्या गाडीची चॅसिस आधीच कुणी कापून वाया घालवली आहे किंवा जिचा मूळ एक्सल हरवला आहे, अशी गाडी बघा. ती खासगी जागेत, रस्त्याबाहेर चालवायची हे ठरवून करा. तिथे तुमच्या मशीन शॉपचं कौशल्य पणाला लावा. असाच बेत करत असलेल्या इतर वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे: बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं तेवढं खुशाल करा, कटर लागणार असेल तर थांबा.

राहिले आबा. तुम्ही त्यांना जाऊन ‘तुमचं बरोबर होतं’ म्हणा असं मी सांगणार नाही, कारण गाडी धोक्याची आहे हे तुमचंही बरोबर होतं आणि ते त्यांनी मान्य करायला हवं. त्यांना कामात घ्या. या गाडीत लहानपणी ते बसलेत. ती पूर्वी कशी चालायची, कधी ठोकली गेली होती का, टायर कधी बदलले, पाटा कुणी भरून दिला होता, हे सांगणारं घरात दुसरं कुणी नाही. ओळंबा सोडताना त्यांना खुर्ची टाकून शेजारी बसवा. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे: आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. वारसाने नाव लावायला फॉर्म ३१ लागतो आणि इतर वारसांची संमती लागते. म्हणजे आबा आणि तुमचे काका, दोघांच्या सह्या हव्यातच. ते झाल्याशिवाय व्हिंटेज नोंदणीचा अर्जही पुढे सरकणार नाही.

आणलेला सेट भंगारवाल्याकडे परत जातो का बघा, नाहीतर त्या एमयूव्हीच्या एखाद्या गरजू मालकाला विका. थोडं नुकसान सोसा. मिस्त्रींना दिलेली उचल परत मागू नका, तेवढ्या पैशात ब्रेक आणि किंगपिनचं काम त्यांच्याकडूनच करून घ्या. टायर आणण्याआधी कर्ण मोजा, आणि दोन्ही कर्णांची मापं, ब्रेक दाबून आणि न दाबता चाकाचा खेळ किती, हे मला लिहून पाठवा. चॅसिस पिळलेली निघाली तर पुढचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तो आपण पुढच्या पत्रात करू.